लिनक्सची पुस्तके आणि आमची पुस्तकभक्ती

आम्हां मराठी माणसांची पुस्तकावर भक्ती मोठी, पण पुस्तकाची पारख बेताचीच, असे म्हटले तर पुष्कळांना राग येईल. येवो बापडा. दसऱ्याला आम्ही पुस्तके पाटावर मांडतो, त्यांना हळदकुंकू वाहतो, आणि त्या दिवशी ती उघडावयाची नसतात हा नियम तर आमच्यापैकी कित्येकजण वर्षभर पाळतात. अशा भक्तांच्या घरात एखाद्या मुलाने किंवा मुलीने ‘मला लिनक्स शिकावयाचे आहे’ असे म्हटले, की पुढे काय होते ते पाहण्यासारखे असते. वडील शहरातल्या मोठ्या दुकानात जातात आणि विचारतात, ‘लिनक्सवरचे सगळ्यांत चांगले पुस्तक कोणते?’ दुकानदार बिचारा जे सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत महाग ते पुढे करतो. हजार पानांचे ते धूड घरी येते. मुलगा पहिली चाळीस पाने वाचतो, पुढची चाळीस नुसती चाळतो, आणि तुळशीचे लग्न लागण्यापूर्वीच ते पुस्तक संगणकाचा पडदा जरा उंच व्हावा म्हणून त्याच्या खाली जाऊन बसते. मग घरात निकाल लागतो : ‘हे आपल्या मुलाच्या आवाक्यातले नव्हे.’

माझे म्हणणे असे की, हा निकाल भलत्याच आरोपीविरुद्ध लागलेला आहे. नापास झाले ते पुस्तक, आणि ते निवडणारे आपण. शिक्षा मात्र मुलाला! आणि ती साधीसुधी नव्हे. ‘यंत्राच्या आत डोकावणे हे आपले काम नाही’ हा समज त्याच्या मनात जन्मभरासाठी घर करून बसतो. म्हणून ही तक्रार जाहीरपणे मांडावयाची.

ज्यांना हे नाव नवे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. संगणक हे मुळात एक मुके यंत्र. त्याच्याकडून कामे करवून घेणारी, कोणाला किती जागा, कोणाला केव्हा वेळ, कोणाला कुठवर प्रवेश हे ठरवणारी जी मूळ व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. लिनक्स ही त्यांपैकी एक. तिचे वेगळेपण असे की, ज्या लक्षावधी ओळींनी ती बनली आहे त्या ओळी कोणालाही वाचता येतात, बदलता येतात, दुसऱ्याला देता येतात. ‘आमच्या घरात ती नाही’ असे कोणी म्हणेल, तर तेही खरे नव्हे. आजी ज्या अँड्रॉइड फोनवर हरिपाठ ऐकते त्या फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. आणि जगातील सर्वांत वेगवान पाचशे संगणकांची जी यादी निघते तिच्यातील प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालत आला आहे. तेव्हा हा चार छांदिष्टांचा खेळ आहे, असे समजण्याचे कारण नाही.

आता या लिनक्सची जन्मकथा ऐका, कारण पुस्तकाच्या निवडीचा सारा न्याय तिच्यात आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे एक शिक्षक होते. त्या काळी युनिक्स नावाची एक ऑपरेटिंग सिस्टिम विद्यापीठांत नुकतीच पोहोचू लागली होती. या शिक्षकाने १९७६-७७ च्या सुमारास काय केले, तर युनिक्सच्या गाभ्याच्या नऊ हजारांच्या आसपास मूळ ओळी एका पुस्तकात छापल्या आणि दुसऱ्या पुस्तकात त्यांच्यावर टीका लिहिली. मूळ पाठ समोर ठेवावयाचा आणि त्याचा अर्थ उलगडत जावयाचे, ही आपल्याला परकी वाटण्यासारखी रीत खास नव्हे. आपल्या भाषेतला सर्वांत मोठा ग्रंथ याच रीतीने जन्माला आला. पुढे १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती निघाली, तेव्हा मालक कंपनीने अट घातली की, मूळ ओळी वर्गात शिकवावयाच्या नाहीत. झाले! विद्यार्थ्यांनी लायन्स यांच्या पुस्तकाच्या छायाप्रती काढल्या, त्या छायाप्रतींच्या छायाप्रती काढल्या, आणि सुमारे वीस वर्षे ते पुस्तक हातोहात, जवळजवळ चोरून, जगभर फिरले. रीतसर छापून ते दुकानात आले १९९६ साली.

इकडे हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅमला अँड्रू टॅनेनबॉम या प्राध्यापकांपुढे हीच अडचण. मुलांना खरी वस्तू दाखवावयाची बंदी, मग शिकवावयाचे कशावर? त्यांनी स्वतःच एक लहानशी सिस्टिम लिहिली, तिचे नाव मिनिक्स, आणि १९८७ मध्ये तिच्या मूळ ओळींसकट क्रमिक पुस्तक प्रसिद्ध केले. ते पुस्तक फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने वाचले. वाचून तो स्वस्थ बसला नाही. २५ ऑगस्ट १९९१ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने आपण एक नवी सिस्टिम करीत आहोत असे जाहीर केले. तीच लिनक्स. १९८३ पासून रिचर्ड स्टॉलमन यांनी चालवलेल्या ग्नू या कार्यातील अवजारे तिला मिळाली, आणि १९९२ मध्ये तिने त्याच कार्याचा सर्वांना मोकळीक देणारा परवाना स्वीकारला.

पाहा तर खरे! जिचे कूळ दोन शिक्षकांनी लिहिलेल्या पुस्तकांपर्यंत पोहोचते आणि जिच्या जन्मामागे ‘आत काय आहे ते दाखवा’ हा विद्यार्थ्यांचा हट्ट आहे, अशी ही विद्या. आणि तिच्यावरची बहुसंख्य पुस्तके शिकवतात काय? तर इथे दाबा, तिथे दाबा, आणि आत डोकावू नका.

या पुस्तकांच्या चार जाती मला ओळखता येतात.

पहिली जात ‘चोवीस तासांत’ किंवा ‘एकवीस दिवसांत’ शिकवणाऱ्यांची. एकवीस दिवसांत अंडे उबते, विद्या उबत नाही. बाविसाव्या दिवशी वाचकाला काहीच येत नसते, आणि तो दोष देतो स्वतःला.

दुसरी जात चित्रांच्या पुस्तकांची. पानापानावर पडद्याची छायाचित्रे आणि त्यांवर बाण. हे बाण फार लवकर गंजतात. उबंटू या लिनक्सच्या लोकप्रिय अवताराने २०११ साली आपला दर्शनी भाग पार बदलला, आणि २०१७ साली तो नवा भाग टाकून दुसराच घेतला. त्या सहा वर्षांतील सचित्र पुस्तके आज रद्दीच्या भावानेही कोणी घेणार नाही. ज्याने बाण पाठ केले त्याची विद्याही त्यांच्याबरोबर रद्दीत गेली.

तिसरी जात आज्ञांच्या जंत्रीची. सातशे आज्ञा, अकारविल्हे, प्रत्येकीसमोर एक ओळ. शब्दकोश तोंडपाठ करून कोणी भाषा शिकल्याचे ऐकिवात नाही.

चौथी जात परीक्षेच्या गाइडांची, आणि हिच्यावर आम्हां पालकांचे प्रेम सर्वांत अधिक. पण गंमत अशी की, रेड हॅट या कंपनीची जी नावाजलेली प्राथमिक परीक्षा आहे, तिच्यात पाठ उत्तरे लिहावयाची नसतातच. परीक्षार्थ्याला चालू यंत्रापुढे बसवतात आणि सांगतात, ‘हे करून दाखव.’ गाइड तिथे काय कामाचे?

कोणी म्हणेल, ‘मग जाड पुस्तकांवर तुमचा राग आहे म्हणा ना!’ मुळीच नाही. मायकेल केरिस्क यांचे २०१० साली निघालेले ‘द लिनक्स प्रोग्रॅमिंग इंटरफेस’ दीड हजारांहून अधिक पानांचे आहे आणि त्यातले एक पान कमी करावे असे मी म्हणणार नाही. पण तो मोल्सवर्थ आहे. १८५७ सालची मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती आजही मराठीच्या अभ्यासकाला हवीच. म्हणून बाळाच्या हाती बाराखडीऐवजी मोल्सवर्थ कोणी देतो काय?

तर मग पुस्तक पारखावयाचे कसे? दुकानात उभ्या उभ्या, दहा मिनिटांत, ज्याला लिनक्सचे अक्षर ठाऊक नाही अशा आईवडिलांनाही करता येतील अशा चार परीक्षा सांगतो.

पहिली परीक्षा सालाची. पण सावध राहा. जुने ते सारे टाकाऊ, असे नाही. या विद्येत लोणच्यासारखे मुरणारे भाग आहेत आणि दुधासारखे नासणारे भागही आहेत. फायली कशा ठेवाव्यात, मजकुरातून हवी ती ओळ कशी शोधावी, एका अवजाराचे काम दुसऱ्याकडे कसे सोपवावे, या गोष्टी सत्तरीच्या दशकात ठरल्या आणि आजही तशाच आहेत. ब्रायन कर्निगहन आणि रॉब पाइक यांचे १९८४ सालचे ‘द युनिक्स प्रोग्रॅमिंग एन्व्हायर्न्मेंट’ म्हणूनच अजून वाचनीय आहे. नासतो तो भाग यंत्र सुरू करण्याच्या आणि जाळ्याला जोडण्याच्या व्यवस्थेचा. ही व्यवस्था सांभाळणारी ‘सिस्टमडी’ नावाची नवी पद्धत फेडोराने २०११ साली आणि डेबियनने २०१५ साली स्वीकारली. म्हणून आजच्या यंत्राची व्यवस्था शिकवण्याचा दावा करणाऱ्या पुस्तकाच्या सूचीत सिस्टमडीचे नाव शोधा. नसेल तर ते खुशाल ठेवून द्या. तसेच ते लिनक्सच्या कोणत्या अवतारासाठी लिहिले आहे तेही पाहा. सेंटओएस ७ या एके काळी घरोघरच्या अवताराची देखभाल ३० जून २०२४ रोजी संपली. तो गृहीत धरून लिहिलेले पुस्तक नवशिक्याला आज कोणत्या तोंडाने द्यावयाचे?

दुसरी परीक्षा कुलपाची. लिनक्समध्ये प्रत्येक फायलीला मालक असतो, आणि ती कोणी वाचावी, कोणी तिच्यात लिहावे, कोणी ती चालवावी याचे हक्क ठरलेले असतात. ‘सीएचमॉड’ नावाच्या आज्ञेने हे हक्क बदलतात, आणि ७७७ हा आकडा दिला की सर्वांना सर्व हक्क मिळतात. काही अडले की ‘७७७ करून टाका’ असा सल्ला देणारी पुस्तके आहेत. किल्ली सापडत नाही म्हणून दरवाजाच काढून ठेवावा, असा हा उपदेश! असे वाक्य दिसले की पुस्तक मिटावे. उलट वाचावयाला ४, लिहावयाला २ आणि चालवावयाला १, यांची बेरीज ७ होते, आणि तीन सात म्हणजे मालक, त्याचा गट व बाकीचे जग, हे ज्या पुस्तकात समजावून दिले असेल, त्याचा लेखक शिक्षक आहे असे खुशाल समजा.

तिसरी परीक्षा सुपाची आणि चाळणीची. आपल्या घरात धान्य निवडणे, पाखडणे, दळणे, चाळणे ही कामे वेगवेगळी. सूप दळीत नाही, जाते चाळीत नाही, आणि एकाचे संपले की दुसऱ्याचे सुरू होते. युनिक्समध्ये डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ साली नेमकी हीच सोय झाली, आणि लिनक्सने ती जशीच्या तशी घेतली. ‘ग्रेप’ हव्या त्या ओळी निवडते, ‘सॉर्ट’ त्या लावते, ‘युनिक’ लागोपाठच्या सारख्या ओळी एक करते, आणि मध्ये एक उभी रेघ ओढली की पहिलीचे पीठ दुसरीच्या चाळणीत पडते. शाळेच्या वर्षभराच्या हजेरीतून कोणते मूल किती दिवस गैरहजर होते, हे अशा एका ओळीत निघते. ही उभी रेघ ज्या प्राथमिक पुस्तकात चार चांगल्या उदाहरणांनी शिकवलेली नाही, त्याला लिनक्सचे मर्म सापडलेलेच नाही.

चौथी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. लिनक्सच्या पोटातच तिचे स्वतःचे पुस्तक असते. ‘मॅन’ असे लिहून पुढे कोणत्याही आज्ञेचे नाव लिहा. तिची माहिती पडद्यावर येते. ही परंपरा नोव्हेंबर १९७१ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सिद्ध केलेल्या युनिक्सच्या पहिल्या सूचनापुस्तकापासून चालत आली आहे. त्यातली भाषा रूक्ष, सूत्रासारखी आटोपशीर; नवशिक्याला ती एकदम कळत नाही. चांगले पुस्तक ती वाचावयाला शिकवते आणि हळूच बाजूला होते. वाईट पुस्तक तिचे नावही काढीत नाही, कारण मग पुढचे पुस्तक कोण घेणार? ज्याने मुलाला स्वतःचे बोट सोडावयाला शिकवले तोच मास्तर खरा, आणि पुस्तकालाही हाच नियम लागू आहे.

या परीक्षांना उतरणारी पुस्तके आहेत, आणि ती फार नाहीत. विल्यम शॉट्स यांचे ‘द लिनक्स कमांड लाइन’ २०१२ साली छापून निघाले, २०१९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, आणि लेखकाने ते संगणकावर कोणालाही फुकट उतरवून घेण्यास मोकळे ठेवले आहे. आरंभ यापासून करावा. मग ब्रायन वॉर्ड यांचे ‘हाउ लिनक्स वर्क्स’, तेही २०२१ ची तिसरी आवृत्ती पाहून घ्यावे. यंत्रांची देखभाल हाच धंदा करावयाचा असेल तर एव्ही नेमेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा ग्रंथ आहे. त्याची पाचवी आवृत्ती २०१७ ची. मूळ लेखिका २०१३ साली समुद्रप्रवासात नाहीशा झाल्या, तरी सहकाऱ्यांनी ग्रंथ पुढे चालू ठेवला. आपल्याकडील सुमिताभ दास यांचे ‘युनिक्स : कन्सेप्ट्स अँड ॲप्लिकेशन्स’ हेही जुने असले तरी मुरलेल्या भागांसाठी चांगले आहे. एका वेळी एकच पुस्तक घ्यावे, ते यंत्रापुढे बसून वाचावे, आणि प्रत्येक उदाहरण हाताने लिहून पाहावे. पोहण्याचे पुस्तक पलंगावर वाचून कोणी तरले नाही.

आता आक्षेपकांकडे वळू. पहिला म्हणतो, ‘पुस्तके हवीत कशाला? चित्रफिती आहेत, आणि आता तर प्रश्न विचारला की उत्तर देणारी यंत्रे आहेत.’ आहेत खरी, आणि त्यांचा उपयोग मीही नाकारीत नाही. पण उत्तर बरोबर की चूक हे कोण ठरवणार? लिनक्समध्ये एकच चुकीची ओळ साऱ्या फायली पुसून टाकू शकते, आणि ती पुसताना ती बहुधा ‘खरेच पुसू का?’ असे विचारीतही नाही. ज्याचा पाया पक्का आहे त्याला ते यंत्र चाकर. ज्याचा नाही त्याला तेच धनी. चाकराला प्रश्न विचारण्यापुरते तरी ज्ञान धन्याला हवे की नको?

दुसरा म्हणतो, ‘आधी इंग्रजी येऊ द्या, मग लिनक्स.’ हा आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये जाऊन यावे. तिथला मेकॅनिक क्लच, गिअर, पिस्टन हे शब्द घेतो आणि बाकीचे सारे मराठीत शिकतो व शिकवतो. आज्ञा इंग्रजी आहेत, पण त्या चार-चार अक्षरांच्या. त्यांच्यामागचा विचार कोणत्याही भाषेत सांगता येतो. केरळच्या सरकारी शाळांतील मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आहेत, आणि त्यांच्यासाठी मल्याळम भाषेत क्रमिक पुस्तके आहेत. मल्याळममध्ये जे मावते ते मराठीत मावत नाही काय? आपल्या पवईच्या आय.आय.टी.ने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात लिनक्सचे पाठ मराठी आवाजातही दिले आहेत. आवाज झाला; आता अक्षरे हवीत.

तिसरा आक्षेपक जरा वैयक्तिक होतो. ‘तुम्ही मॅट्रिक झालेले मास्तर, कादंबऱ्या लिहिता, तुम्हांला यांतले काय कळते?’ माझे उत्तर सरळ आहे. सिस्टिम चांगली की वाईट हे तज्ज्ञाने ठरवावे. पण पुस्तक शिकवते की नाही, हे न येणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. चाळीस पोरांच्या वर्गात फळ्यापाशी उभा राहणारा माणूस पाचव्या मिनिटाला ओळखतो की, समोरच्यांना कळते आहे की ते नुसती मान हलवीत आहेत. पुस्तकांच्या पुढे मान हलवणारी पिढी मला नको आहे.

आणि म्हणूनच माझी खरी मागणी दुकानदाराकडे नाही, ती आपल्याकडे आहे. ‘डेबियन ॲडमिनिस्ट्रेटर्स हँडबुक’ या ग्रंथाची गोष्ट पाहा. तो मुळात फ्रेंच. राफाएल हर्ट्झोग आणि रोलाँ मास या लेखकांनी इंग्रजी भाषांतरासाठी लोकांकडून आगाऊ वर्गणी जमवली आणि मे २०१२ मध्ये ते सर्वांसाठी मोकळे केले. त्याच्या परवान्यानुसार कोणीही त्याचे भाषांतर करावे, छापावे, वाटावे. अट एवढीच की, पुढच्यालाही तीच मोकळीक द्यावी. आमच्या गावोगाव वाचनालये आहेत, साहित्य संमेलनांना मांडव पडतात, दिवाळी अंक निघतात. अभियांत्रिकीची पदवी घेतलेले मराठी तरुण पुण्यापासून परदेशापर्यंत याच लिनक्सवर पोट भरतात. त्यांतल्या दहाजणांनी एकेक प्रकरण मराठीत आणावयाचे म्हटले, तर पुढच्या दिवाळीला निदान अर्धे पुस्तक हाती येईल. वर्गणी आम्ही गणपतीला देतो, तशी यालाही देऊ.

तोपर्यंत, वाचकहो, एवढेच करा. यंदा भाऊबिजेला घरातल्या मुलीला किंवा मुलाला लिनक्सचे पुस्तक द्यावयाचे असेल तर तराजू घेऊन दुकानात जाऊ नका. दहा मिनिटे उभे राहा, पाने उलटा, ७७७ कुठे दिसते ते पाहा, ‘मॅन’चे नाव शोधा. आणि चांगले पुस्तक फुकट मिळत असेल तर ‘फुकटचे ते हलके’ असे म्हणून नाक मुरडू नका; ज्ञानाच्या बाबतीत ही म्हण खोटी आहे, हे सांगावयाला आपल्या संतांपेक्षा मोठा साक्षीदार नको. उरलेल्या पैशांतून एक जुना, टाकून दिलेला संगणक दुरुस्त करून मुलांपुढे ठेवा. बिघडवला तर बिघडवू द्या. पुन्हा उभा करावयाला ती शिकतील. दारे उघडी असलेल्या घरात राहून ज्यांना आतल्या खोल्यांची भीती वाटते अशी मुले आपण वाढवीत असू, तर दोष घराचा नव्हे.